कॅमेरा कुठे उभा होता? चित्रपट पाहायला शिकणाऱ्यांसाठी

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला "कसा होता?" असं विचारलं की तो गोष्ट सांगायला लागतो. गोष्ट संपली की "कामं मस्त केलीत सगळ्यांनी". फार खोदलं तर "फोटोग्राफी सुंदर होती", म्हणजे डोंगर आणि पाऊस छान दिसत होते. यात वाईट काही नाही, गोष्टीसाठीच तर आपण जातो. पण एखादा प्रसंग वर्षानुवर्षं डोक्यात घर करून राहतो, आणि तो दुसऱ्याला सांगायला गेलं की सपक होतो. "मग ती नुसती खिडकीशी उभी राहते..." एवढं बोलून आपण अडतो. समोरचा म्हणतो, "बरं, मग?" मग काही नाही. खिडकी, तिची पाठ, बाहेरचा उजेड आणि तो शॉट किती वेळ टिकला, या सगळ्यात ती जादू होती. तोंडी सांगताना नेमकं तेवढंच गळून पडतं.

ते पकडायचं कसं, हे शिकता येतं. त्यासाठी सिनेमाचं शिक्षण लागत नाही. एक चित्रपट, रिमोट, वही, पेन्सिल आणि थोडा हट्ट पुरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नाच्या आहेत: कॅमेरा इथेच का ठेवला, दुसरीकडे का नाही?

पहिली पायरी: आधी पडदा नीट करा

हे रटाळ आहे, पण यात चुकलात तर पुढचं सगळं चुकीच्या चित्रावर होईल.

बोलपट आले तेव्हापासून, म्हणजे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून, चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रं, या वेगाने चित्रित होतात. चित्रपटाच्या हालचालीला जी एक किंचित स्वप्नासारखी लय असते, तिच्यामागे हा वेग आहे. आताचे बरेच टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने नव्या चौकटी बनवून घुसडतात. क्रिकेट बघायला ते बरं असतं, पण चित्रपट मात्र बातम्यांसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. सेटिंगमध्ये जिथे 'मोशन' किंवा 'स्मूथ' असा शब्द दिसेल ते बंद करा. रंगांचं 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. दोन दिवस चित्र फिकट वाटेल, मग डोळा बसतो.

दुसरं म्हणजे काळ्या पट्ट्या. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी असते, म्हणून डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्या येतात. सिनेमास्कोपसारख्या रुंद चित्रपटांत त्या वर-खाली येतात. एवढा मोठा टीव्ही घेतला आणि निम्मा काळाच, असं वाटून लोक झूमचं बटण दाबतात. ते दाबलंत की चौकटीच्या कडा कापल्या जातात, आणि कडेला कोण उभं होतं हीच कधीकधी प्रसंगातली मुख्य गोष्ट असते.

दुसरी पायरी: पाहिलेलाच चित्रपट घ्या

नवखा माणूस उत्साहाने 'जगातले शंभर सर्वोत्तम चित्रपट' अशी यादी उघडतो आणि तिसऱ्या चित्रपटाला झोपतो. मग सिनेमा हे आपलं काम नाही अशी त्याची खात्री पटते. माझा सल्ला उलटा आहे. चार वेळा पाहिलेला, संवाद पाठ असलेला, आवडता चित्रपट घ्या. तो थोर असायची गरज नाही.

कारण साधं आहे. पुढे काय होणार ही उत्सुकता जागी असेपर्यंत डोळे गोष्टीमागे धावतात. गोष्ट माहीत झाली की ते मोकळे होतात आणि भिंतीवरच्या घड्याळापर्यंत, मागे उभ्या असलेल्या नोकरापर्यंत पोहोचतात. आवाज आणि चित्र यांच्यातली फट दिसायला लागते. पूर्ण चित्रपटही नको. तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग निवडा. माझ्या मते शंभर चित्रपट एकेकदा पाहण्यापेक्षा एक प्रसंग दहा वेळा पाहिलेला माणूस जास्त शिकतो. पण हे ऐकून शंभर चित्रपट पाहणं थांबवू नका, तेही हवंच.

परभाषेतला चित्रपट असेल तर आणखी एक गोष्ट. उपशीर्षकं वाचताना नजर पडद्याच्या तळाशी अडकते. एकदा वाचत पाहा, अर्थ कळला की तोच प्रसंग उपशीर्षकं बंद करून पाहा. वरच्या तीन-चतुर्थांश पडद्यावर काय चाललं होतं ते पहिल्यांदाच दिसेल.

तिसरी पायरी: कट मोजा

पेन्सिल हातात घ्या. प्रसंग सुरू करा आणि चित्र बदललं की, म्हणजे कट आला की, वहीवर एक रेघ मारा. फक्त रेघ, बाकी काही लिहू नका.

पहिल्या प्रयत्नात तुम्ही हमखास चुकाल, आणि यातच खरी गंमत आहे. दहा-बारा रेघा झाल्या की हात थांबतो, तुम्ही गोष्टीत ओढले जाता आणि मिनिटभराने दचकता. ज्या ठिकाणी हात थांबला तिथे संकलकाने तुम्हाला बेमालूम ओढून नेलं. ती जागा वहीत नोंदवा आणि परत मागे जा.

तीन मिनिटांत साठ रेघा आल्या तर सरासरी तीन सेकंदांचा एक शॉट झाला. बारा आल्या तर पंधरा सेकंदांचा. या आकड्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. अर्थ असतो तो रेघा कुठे दाट झाल्या आणि कुठे विरळ, यात. भांडण पेटताना दाट होतील हे सगळ्यांना अपेक्षित असतं. पण काही दिग्दर्शक भांडण चालू असताना एकही कट देत नाहीत, आणि भांडण संपून दोघं गप्प बसली की चेहऱ्यांमध्ये ये-जा सुरू करतात. म्हणजे त्यांच्या लेखी भांडण आत्ता सुरू झालं.

याच पायरीवर आणखी एक सवय लावून घ्या. दोन माणसं बोलत असताना कॅमेरा बोलणाऱ्यावर आहे की ऐकणाऱ्यावर? नवख्याला वाटतं, जो बोलतो तो दाखवायचा. पण "मी लग्न करतोय" हे वाक्य पडद्याबाहेरून ऐकू येत असेल आणि पडद्यावर ते ऐकणारीचा चेहरा असेल, तर तो प्रसंग तिचा झाला.

चौथी पायरी: आवाज बंद करून चौकट वाचा

आता तोच प्रसंग मुका पाहा. अधूनमधून थांबवा आणि थांबलेल्या चित्राला तीन प्रश्न विचारा. कोण मोठं दिसतंय? कोण कुणाच्या मध्ये आहे? आणि रिकामी जागा कुठे आहे?

ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' (१९४१) मधला एक प्रसंग या सरावासाठी फार चांगला. बर्फात खेळणारा मुलगा दिसतो. कॅमेरा मागे सरकतो आणि कळतं की आपण त्याला खिडकीतून, घराच्या आतून बघत होतो. मागे येत येत कॅमेरा टेबलापाशी पोहोचतो. तिथे मुलाची आई एका बँकवाल्यासमोर कागदांवर सह्या करायला बसते. त्या कागदांनी मुलगा घरापासून तुटणार आहे. पुढे, अगदी जवळ, आई आणि बँकवाला. त्यांच्या मागे, खोलीच्या मध्यावर, विरोध करणारा, पण ज्याला कुणी विचारत नाही असा बाप. आणि पार मागे, खिडकीच्या चौकटीत, खेळणारा मुलगा. त्याच्या आयुष्याचा सौदा होतोय आणि तो बर्फाचे गोळे फेकतोय.

छायालेखक ग्रेग टोलंड यांनी हे तिन्ही थर एकाच वेळी स्पष्ट ठेवले. नेहमीच्या पद्धतीने आधी आई, मग बाप, मग खिडकीबाहेरचा मुलगा असे तुकडे केले असते तर प्रत्येक तुकडा कळला असता. पण मुलगा आणि कागद एकाच चौकटीत असल्यामुळे आपल्याला निवड करावी लागते. आईकडे बघताना मुलगा डोळ्याच्या कोपऱ्यात राहतो. बापाची उभं राहायची जागाही बघा. बायको आणि मुलगा यांच्या मधोमध तो उभा आहे, तरी त्याचं दोन्हीकडे काही चालत नाही. यातलं एक अक्षरही कुणी बोलत नाही.

तुमच्या निवडलेल्या प्रसंगात एवढं सगळं नसेलही. पण दोन माणसांमध्ये टेबल आहे की नाही, कोण बसलंय आणि कोण उभं आहे, कुणाच्या डोक्यावर छत दिसतंय, दार उघडं आहे का, एवढं तर कुठेही असतं. वोंग कार-वाय यांच्या 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) मध्ये नायक-नायिका सतत अरुंद बोळांत, दारांच्या फटींत, पडद्यांआडून दिसतात, जणू शेजारचं कुणीतरी चोरून बघतंय. त्या दोघांना फसवणारे तिचा नवरा आणि त्याची बायको यांचे चेहरे मात्र आपल्याला कधीच दिसत नाहीत. नुसते आवाज, पाठ, एखादा खांदा. कुणाला चौकटीत जागा द्यायची आणि कुणाला नाही, या निवडीतून दिग्दर्शकाने आपली बाजू सांगून टाकली.

पाचवी पायरी: कॅमेऱ्याची उंची आणि लेन्स

हे वाचताना तांत्रिक वाटेल, पण डोळ्याला ते आपोआप जाणवत असतं. फक्त त्याला नाव नसतं.

सिडनी ल्यूमेट यांचा पहिला चित्रपट, '१२ अँग्री मेन' (१९५७). दीड तासाहून थोडा मोठा, आणि जवळजवळ सगळा एका खोलीत. बारा माणसं, एक टेबल, खुनाचा खटला, उकाडा. हा चित्रपट कंटाळवाणा व्हायला सगळी सोय होती. पण पाहताना अर्ध्यानंतर जीव घुसमटायला लागतो, आणि ते फक्त संवादांमुळे आहे असं आपल्याला वाटतं.

ल्यूमेट यांनी काय केलं ते पुढे स्वतःच सांगितलं आहे. चित्रपटाचा पहिला तिसरा भाग त्यांनी डोळ्यांच्या पातळीच्या वरून चित्रित केला, दुसरा डोळ्यांच्या पातळीवरून आणि शेवटचा खालून. शेवटाकडे कॅमेरा खाली गेला तसं खोलीचं छत दिसायला लागलं. त्याच वेळी लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या होत गेल्या. लांब पल्ल्याची लेन्स पुढची आणि मागची वस्तू एकमेकांना चिकटल्यासारखी दाखवते, त्यामुळे मागच्या भिंती माणसांच्या पाठीला येऊन टेकतात. खोली तेवढीच राहिली, पण डोळ्यांना ती आक्रसत गेली. शेवटी माणसं इमारतीबाहेर पडतात तेव्हा रुंद लेन्स आणि वरचा कॅमेरा, आणि आपणही श्वास सोडतो.

याचा सराव असा करा. चित्रपटाच्या पहिल्या दहा मिनिटांतली एक चौकट थांबवा, मधली एक थांबवा, शेवटच्या दहा मिनिटांतली एक थांबवा. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या वर, बरोबरीला की खाली? मागची भिंत लांब आहे की पाठीशी? '१२ अँग्री मेन' वर हे केलंत तर पंधरा मिनिटांत लेन्सची गोष्ट अशी कळेल की पुन्हा कुणी समजावायला नको.

आणि उंचीचे ठोकताळे पाठ करू नका. "खालून शॉट म्हणजे माणूस शक्तिशाली, वरून म्हणजे दुबळा" हे वाक्य जिथे तिथे भेटतं. ल्यूमेटच्या चित्रपटात खालच्या कॅमेऱ्याने ताकद दाखवलेली नाही, कोंडी दाखवली आहे. चित्रपट आपलं व्याकरण आपण ठरवतो. ते पहिल्या वीस मिनिटांत शिकवतो आणि पुढे त्याच्याशी खेळतो.

कॅमेरा कुठे आहे याचं सगळ्यात झोंबणारं उत्तर मला मराठीतच सापडलं. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये डुकरं पकडणाऱ्या कुटुंबाची गावासमोर चेष्टा चाललेली असते आणि शेवटी त्या घरातला मुलगा जब्या दगड उचलतो. तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. आता विचारा: कॅमेरा कुठे उभा होता? चेष्टा करणाऱ्यांच्या जागी. म्हणजे इतका वेळ खुर्चीत बसून आपण कुठे उभे होतो?

सहावी पायरी: उजेड कुठून येतोय

हे सोपं आहे. चेहरा थांबवा आणि सावली कुठल्या बाजूला पडली आहे ते बघा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका आहे का? 'द गॉडफादर' (१९७२) मध्ये छायालेखक गॉर्डन विलिस यांनी डॉनवरचा दिवा वरून लावला, त्यामुळे भुवयांखाली काळोख साचतो आणि डोळे नीट दिसत नाहीत. समोरच्या माणसाचे डोळे दिसले नाहीत की तो काय विचार करतोय हे कळत नाही, आणि आपण सावध होतो. बाहेर लखलखीत उन्हात लग्न चाललंय, आत अंधाऱ्या खोलीत कामं होतायत. दोन उजेडांमधून दोन जगं.

आपल्याकडचं उदाहरण 'कागज़ के फूल' (१९५९). भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो उजेडाचा झोत आठवतो ना? छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांनी खरं ऊन परावर्तित करून आत आणलं होतं. धूळ त्या झोतात तरंगते, आणि दोन माणसं एकमेकांपासून दूर, रुंद चौकटीच्या दोन बाजूंना. पण नुसतं "काय लायटिंग!" म्हणून पुढे जाऊ नका. दोघांच्या मध्ये किती जागा रिकामी सोडली आहे तेही मोजा. रुंद पडदा हाताशी आल्यावर बहुतेकांनी त्यात गर्दी भरली असती. इथे ओसाडपणा भरला.

रंगांबद्दल एवढंच सांगतो. 'लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी' अशी कोष्टकं टाळा. एखादा रंग कधी येतो आणि कधी नाहीसा होतो, एवढी नोंद ठेवा.

सातवी पायरी: दोन शॉट्सच्या मध्ये काय आहे

शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव यांनी केलेला प्रयोग अजूनही सांगितला जातो. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. तोच तुकडा एकदा सूपच्या ताटलीशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा सुंदर स्त्रीशेजारी. बघणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली. चेहरा काहीच करत नव्हता. भाव प्रेक्षकांनी आणले, दोन चित्रांच्या मधल्या सांध्यातून.

हे कळलं की अभिनयाबद्दलची आपली काही मतं डळमळतात. "काय नजर दिली त्याने!" असं म्हणण्यापूर्वी त्या नजरेच्या आधी आणि नंतर काय दाखवलं ते तपासा. नजर नटाची असेलही, किंवा निम्मी संकलकाची असेल.

आता कट कशाच्या जागी आला ते शोधा. 'शोले' (१९७५) मध्ये ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड आठवा. हवेली, उन्हं, झोपाळ्याची करकर. शेवटी लहान मुलावर बंदूक रोखली जाते, आणि पुढे दिसते ती आगगाडी. मूल मरताना आपल्याला दाखवलेलं नाही. तरी कितीतरी माणसं ते दृश्य 'पाहिल्यासारखं' सांगतात. जे दाखवलं नाही ते प्रेक्षक स्वतः तयार करतो, आणि स्वतः तयार केलेलं विसरायला फार कठीण जातं.

निवडलेल्या प्रसंगात एक जागा अशी नक्की सापडेल जिथे कॅमेऱ्याने तोंड फिरवलं, दार लागलं, किंवा कट भलतीकडेच गेला. तिथे रिमोट थांबवा आणि विचारा: हे दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?

आठवी पायरी: डोळे मिटा

दृश्यभाषा शिकायची आणि डोळे मिटायचे? हो. कारण आवाज हा चित्राचा पाहुणा नाही, घरातलाच आहे. प्रसंग नुसता ऐका आणि तीन खाने करा: बोलणं, संगीत आणि बाकीचे आवाज. तिसरा खाना बहुतेक जण विसरतात. पंखा, पावलं, लांबवर भुंकणारं कुत्रं, भांडं ठेवल्याचा आवाज. यातला एकेक आवाज कुणीतरी विचार करून ठेवलेला आहे किंवा काढून टाकलेला आहे.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) मध्ये बाप खूप दिवसांनी परगावाहून घरी येतो. मुलगी वारल्याचं त्याला माहीत नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवत राहतो, मुलीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो, आणि तिचा बांध फुटतो. तिचं तोंड उघडतं, पण रडणं ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा उंच, फाटल्यासारखा सूर येतो. खरं रडणं ठेवलं असतं तर आपण तिची कीव केली असती. तो सूर कीव करायला वेळच देत नाही. हा प्रसंग आधी आवाजासह पाहा, मग मुका. मुका पाहताना तोंड उघडलेली बाई दिसेल आणि डोक्यात सूर वाजेल. चित्र आणि आवाज एकमेकांत किती गुंतले आहेत हे समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

'सैराट' (२०१६) चा शेवट आता सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. ज्या चित्रपटाने गाण्यांनी थिएटर नाचवलं, तो शेवटी आवाजच काढून घेतो. लहान मूल, रक्तातली पावलं, आणि शांतता. ते मूल रडताना दिसतं, ऐकू येत नाही. आधीचा दणदणाट नसता तर ही शांतता इतकी जड झाली नसती. म्हणून प्रसंग सुटा पाहून झाला की तो चित्रपटात कुठे बसलाय तेही बघावं लागतं.

नववी पायरी: काही घडत नाही तेव्हा

इथे नवखे लोक गळतात. कॅमेरा हलत नाही, कट येत नाही, माणसं येतात-जातात. हात मोबाइलकडे जातो.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) या सरावासाठी घ्या. बराच वेळ कॅमेरा लांब आणि स्थिर उभा असतो, एखाद्या बाकावर येऊन बसलेल्या माणसासारखा. न्यायालयात मुख्य खटल्याच्या आधी भलतंच एखादं प्रकरण उरकलं जातं, आणि कॅमेरा तेही तितक्याच शांतपणे बघतो. कुणाचा चेहरा जवळ आणून "इकडे बघा, हा महत्त्वाचा" असं कुणी सांगत नाही. त्यामुळे आपली नजर स्वतः फिरायला लागते. शेवटाकडे सुट्टीसाठी न्यायालय बंद होतं, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात. आणि शॉट संपत नाही. आपण अंधारात बसून राहतो. "संपला वाटतं" म्हणून उठायला लागलेले लोक मी पाहिले आहेत.

कंटाळा आला तर तो दाबू नका, त्याची वेळ वहीत लिहा. "सेकंद २०: कंटाळा. सेकंद ३५: मागच्या बाकावरची बाई दिसली." बऱ्याचदा कंटाळ्यानंतरच्या पंधरा सेकंदांत खरं पाहणं सुरू होतं. आणि कधीकधी तो शॉट खरोखरच निरर्थक लांबवलेला असतो. तेही म्हणायला घाबरू नका. संथ असणं ही काही गुणवत्ता नाही.

मध्येच एक सावधगिरी

या सरावाची नशा चढते. मग प्रत्येक बादली प्रतीक वाटते आणि प्रत्येक कावळा मृत्यू. मीही यातून गेलो आहे. एकदा मित्रमंडळींत एका प्रसंगातल्या अर्धवट उघड्या दारावर मी दहा मिनिटं बोललो: अपूर्ण नातं, बाहेर जायची ओढ, बरंच काही. त्यातला एक जण चित्रीकरणाची कामं केलेला होता. तो शांतपणे म्हणाला, "ते दार बंदच होत नसेल. बऱ्याच जुन्या घरांत होत नाही."

दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. दार कशामुळे उघडं राहिलं हे आपल्याला कळायचा मार्ग नाही. पण संकलकाने तो शॉट ठेवला, आणि पाहताना आपली नजर तिकडे गेली, एवढं नक्की. म्हणून मी आता "दिग्दर्शकाला असं म्हणायचंय" हे वाक्य टाळतो. "इथे असं दिसतं आणि त्यामुळे मला असं वाटलं" एवढं पुरतं. त्यात खोटं पडायची भीती कमी, आणि दुसऱ्याला "मला नाही वाटलं" म्हणायला जागा राहते.

दहावी पायरी: वही आणि चार माणसं

चित्रपट संपल्यावर लगेच मोबाइलवर परीक्षणं उघडू नका. आधी वहीत पाच ओळी लिहा. 'सुंदर', 'अप्रतिम', 'जबरदस्त' हे शब्द वर्ज्य. डोळ्यांपुढे राहिलेलं एक चित्र शब्दांत काढा: कोण कुठे, उजेड कुठून, कॅमेरा कुठे, किती वेळ, आवाज कोणता. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "ती दाराकडे गेली. कॅमेरा तिच्याबरोबर गेला नाही. रिकामी खुर्ची. बाहेरून चपलांचा आवाज. साधारण आठ सेकंद." चित्रपटाची गोष्ट मी आता निम्मी विसरलो आहे, पण ही नोंद वाचली की ती खोली परत उभी राहते. परीक्षणं त्यानंतर वाचा. मग ती पाहुण्यासारखी येतात, मालक होऊन बसत नाहीत.

चार जण मिळून पाहणार असाल तर एक नियम ठेवा. पहिल्या फेरीत अर्थ सांगायचा नाही, फक्त दिसलेली एकेक गोष्ट सांगायची. "तिच्या हातात पत्र होतं." "नाही, कापड होतं." इथेच वाद होतो. मग मागे जाऊन बघायचं. निम्म्या वेळा दोघंही चुकलेले असतात आणि हात रिकामाच निघतो. रिमोट मात्र सगळ्यात कमी बोलणाऱ्याच्या हातात द्या, नाहीतर चित्रपट पुढे सरकणार नाही.